आता वळणार, वळलो

“आता उजवीकडं वळणार,” असं म्हणायचे, वळायचे आणि मग म्हणायचे, “वळलो.” गारखेड्यातल्या आमच्या घरापासून शाळेपर्यंत सात वळणं. सातही वळणं रिक्षावाले काका रोज अशी जाहीर करायचे. मागच्या सीटवर एकटी माझी लेक, रेवा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माणूस जरा सरकलेला दिसतो.

शाळेच्या मुलांचे रिक्षावाले तुम्हीही पाहिले असतील, कायम घाईतले. हे तसे नव्हते. मुकुंदवाडीहून यायचे, दारात “जयभीम, ताई” म्हणायचे आणि रेवा आपण होऊन चढेपर्यंत हॉर्नला हात लावायचे नाहीत. रेवाला ऑटिझम आहे. ठरलेलं बदललं की तिचा जीव कासावीस होतो. सुरुवातीला एकदा रस्ता खोदलेला म्हणून काकांनी न सांगता रिक्षा दुसरीकडून घातली, तर ती शाळेपर्यंत किंचाळत राहिली. त्या दिवसापासून ते वळणं बोलून दाखवायला लागले. “सांगून केलं की भ्या वाटत नाय,” म्हणायचे.

रेवाला उंच आकाशपाळण्याचं भारी वेड. मोबाईलवर दिवसभर तोच व्हिडिओ. पण जत्रेत नेलं तेव्हा भोंगे आणि गर्दी सहन न होऊन तिनं स्वतःच्याच हाताला चावून रक्त काढलं. लोक नुसते बघत उभे. तेव्हाच मी ठरवलं, पुन्हा नाही. पुढं तिची आतेभावंडं शहराबाहेरच्या थीम पार्कला निघाली, तेव्हाही मी नाहीच म्हणाले, आणि तेही चिडून. पोरगी व्हिडिओतच पाळणा बघत म्हातारी होणार, असं काकांसमोर बोलून गेले.

“महिनाभर द्या मला,” ते म्हणाले.

शाळा सुटली की तिला ते पिठाच्या गिरणीत न्यायला लागले. तिथं रांगही होती आणि घरघरही. पहिले काही दिवस नुसतं दारात, कानांवर शाळेनं दिलेले हेडफोन. मग आत, रांगेत, हातात डबा धरून. “आपल्या पुढं तीन डबे, माय. आता दोन.” रेवाला ते मायच म्हणायचे. घरात पीठ इतकं साठलं की मी शेजारी वाटायला लागले. माझा नवरा म्हणाला, “ज्वारी संपली, आता काय खडे दळायचे?”

एका रविवारी काका स्वतः त्या थीम पार्कला जाऊन पाळण्यात बसून आले. स्टुलावर चढायलाही घाबरणारा माणूस. “लई वंगाळ काम हाय, ताई,” म्हणाले. “पण आता सांगता येईल.” आणि रोज रिक्षात तिला सांगायला लागले, “वर गेलं की पोटात गोळा येतो. खाली आलं की जातो. चार फेऱ्या. मग थांबतो.”

महिना झाला आणि मी रेवाला थीम पार्कला नेलं. त्या दिवशी ती रांगेत उभी राहिली. “पुढं सहा. पुढं पाच,” तिचं तीच मोजत होती. पाळण्यात बसली आणि वर गेल्यावर चक्क हसली. शेजारी बसून मी रडले, खोटं कशाला सांगू.

चार फेऱ्या झाल्या, पाळणा थांबला, आणि रेवा उतरेना. दांडी घट्ट धरून बसली. पाळणेवाला वैतागला, रांगेतले कुरकुरायला लागले. आता चावेल, या भीतीनं मी काकांना फोन लावला.

“चुकलं माझं, ताई. बसायचं सांगितलं, उतरायचं राहिलंच. फोन तिच्या कानाला लावा.”

ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. रेवानं दांडी सोडली, एक पाय खाली टाकला, मग दुसरा. म्हणाली, “उतरलो.”

ती चूक काकांनी मनाला लावून घेतली. “उतरायचं बी आधी सांगाया पायजे,” हे त्यानंतर कितीदा तरी ऐकलं.

यंदा दिवाळीनंतर एका सकाळी दारात दुसरीच रिक्षा आली. मला वाटलं, आता ही किंचाळणार. मी रागानंच काकांना फोन केला.

“कंबर साथ देत नाय, ताई. गावाकडं आलो, कायमचा. मायला महिनाभर रोज सांगत होतो, अजून इतके दिवस, मग नवे काका. तुम्हाला सांगायला जीभ रेटली नाय.”

रेवा शांतपणे रिक्षात चढली. कोपऱ्यावर तिनंच नव्या माणसाला सांगितलं, “आता उजवीकडं वळणार.”

रिक्षा वळली. मी फोन हातात धरून फाटकातच उभी राहिले. मला कुणी महिनाभर आधी सांगितलं नव्हतं.