धनश्रीच्या काचेवरची अंडी

किस्से काही मी गोळा करायला जात नाही हो! न्यूझीलंडमधल्या पापाटोएटोत आमच्या धनश्रीची डेअरी आहे. इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात, उगाच गोठा शोधू नका. एकेकाळी एकत्र शिकायला आलेले आम्ही सगळे दर शनिवारी तिच्या मागच्या खोलीत चहाला जमतो. कप हातात येईपर्यंत नवा किस्सा तयार असतो. आता इतके साठलेत की सांगितले नाहीत तर पोट दुखेल माझं.

*

सुरुवात अंड्यांनी झाली. एका रविवारी भरदुपारी दुकानासमोर एक गाडी हळू झाली, आतून कुणीतरी "गो होम!" ओरडलं आणि फटाफट अंडी काचेवर. पाठोपाठ बाटली आली, तिने काचेला तडा गेला.

"होम कसलं? मी दुकानाच्या मागेच राहते!" धनश्री ओरडली, पण गाडी केव्हाच पसार.

कॉन्स्टेबल सिओने आला. मोठा प्रेमळ माणूस, मूळचा सामोआ बेटांवरचा. "किआ ओरा", म्हणजे इथला माओरी नमस्कार, झाल्याबरोबर धनश्री म्हणाली, "लिहा. हेट क्राइम."

"तसा वेगळा गुन्हाच नाही आपल्या कायद्यात," तो ओशाळून म्हणाला. "नोंदीत मी तशी खूण करतो. पण गुन्हा काच फोडण्याचा. द्वेषापोटी केलं असं ठरलं, तर शिक्षा देताना जज ते धरतात."

"म्हणजे आधी माणूस सापडायला हवा, मग त्याच्या मनातलं सापडायला हवं?"

"यप."

"आणि तोवर?"

"तोवर काच."

अस्सा पारा चढला तिचा! "काच इन्शुरन्सवाले देतील," ती आम्हाला म्हणाली. "आम्ही कोण आहोत ते बघून मारलं, एवढं कोर्टात कुणीतरी म्हणायला हवंय मला. बाकी काही नको."

*

काच पुसायची पाळी मिलिंदवर आली. मिलिंद म्हणजे धनश्रीचा नवरा. कट्टर शाकाहारी, अंडी विकतो पण बोट लावत नाही. त्याने नाकातोंडाला रुमाल बांधला, डोक्याला शॉवर कॅप घातली, हातमोजे चढवले आणि लांब दांड्याचा ब्रश घेऊन निघाला.

दूध घ्यायला आलेल्या आजीबाईंनी हा अवतार बघितला आणि थेट पोलिसांना फोन केला. डेअरीवर दरोडा!

सिओने धापा टाकत आला. "मॅम," तो धनश्रीला म्हणाला, "अख्ख्या केसमध्ये तोंड झाकलेला एकच माणूस सापडला, आणि तो तुमचा नवरा आहे."

*

मग सासूबाईंनी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर फर्मान काढलं. "दृष्ट लागलीय दुकानाला. लिंबू-मिरची बांध."

बांधली. पुढच्या शनिवारी मिलिंदने जुनी काढली आणि रीतीप्रमाणे रस्त्यावर भिरकावून दिली. ती पडली नेमकी शेजारच्या न्हाव्याच्या, ग्रॅहमच्या, पायरीवर. ग्रॅहम गोरा, पण गेल्याच हिवाळ्यात मँचेस्टरहून आलेला. दोऱ्यात ओवलेलं काळं पडलेलं लिंबू आणि त्यात टोचलेल्या मिरच्या बघून बिचाऱ्याची पाचावर धारण बसली. लावला पोलिसांना फोन!

"मला कुणीतरी टार्गेट करतंय! हेट क्राइम आहे हा!"

"सॉरी मेट," सिओने म्हणाला, "तसा वेगळा गुन्हाच नाही."

धनश्री बटाटेवडे घेऊन माफी मागायला गेली, सगळं समजावून सांगितलं. वडे संपल्यावर ग्रॅहमने आपल्याही दाराला एक लिंबू-मिरची मागून घेतली.

*

महिन्याभराने पुन्हा अंडी. या वेळी सिओनेने कवचाचा तुकडा उचलला. इथे अंड्यांवर फार्मचा शिक्का असतो. तो वाचून सिओने आत गेला आणि शेल्फवरच्या कार्टनशी ताडून बघितला. तोच!

"म्हणजे गाढवाने अंडी आमच्याकडूनच घेतली?" धनश्री.

"फ्री रेंज होती का? मोकळ्या कोंबड्यांची?" मिलिंदला भलतीच काळजी.

दुकानातल्या कॅमेऱ्यात सापडला पठ्ठ्या, नाव ब्रेट. कार्टन उचलताना धनश्रीला "चीअर्स, स्वीट अ‍ॅज" सुद्धा म्हणालेला, म्हणजे 'थँक्स, एकदम झकास'!

गुन्हा त्याने कबूल केला. गुन्हा म्हणजे काच. द्वेषबिष काही नाही, नुसती गंमत, असं त्याचा वकील म्हणाला. झालं, धनश्री पुन्हा होती तिथेच. मला त्या वकिलाचा इतका राग आला म्हणून सांगू!

*

इथे शिक्षेआधी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवायची पद्धत आहे. मध्ये एक बाई बसतात, झालेलं बोलणं लिहून जजकडे पाठवतात. मिलिंद दुकानात थांबला. धनश्रीने सोबतीला मला आणि ग्रॅहमला नेलं.

ब्रेट जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालूनच आला होता. मान खाली घालून म्हणाला, "सॉरी. पण तुम्ही कोण, कुठल्या, याचा काही संबंध नाही. शप्पथ. फक्त मजा."

माझ्या जिभेवर अस्सल पुणेरी उत्तर आलं होतं. धनश्रीने माझा हात दाबला.

"मजाच करायची होती," ती शांतपणे म्हणाली, "तर शेजारच्या न्हाव्याची काच माझ्या काचेच्या दुप्पट आहे. तिथे का नाही मारलीस?"

ब्रेट खरोखरच गोंधळला. "तिथे? छे! तो तर इथलाच आहे ना."

बाईंचं पेन थांबलं. मग भराभर चालायला लागलं.

ग्रॅहमने घसा खाकरला.

"मित्रा," तो म्हणाला, "मला अजून रस्ते हीच सांगते."