आखूड दिवसाची आखूड प्रार्थना

मी प्रार्थना फार लांबवतो, असं आमच्या मंडळीतल्या सगळ्यांचं मत आहे. माणसं सभ्य आहेत, तोंडावर बोलत नाहीत. पण कुणाच्या घरी मी डोळे मिटले की स्वयंपाकघरात गॅस बंद केल्याचा आवाज ऐकू येतो. तोंडावर बोलणारे एकच, पनवेलबाहेर नेरे गावात राहणारे एक निवृत्त सर. "पाळकसाहेब, तुमचं नमनालाच घडाभर तेल जातं," असं त्यांनी मला चर्चच्या पायरीवर, माझ्या बायकोसमोर ऐकवलं होतं. बायको हसली. मला राग आला, आणि तो मला बरेच दिवस पुरला.

दोन वर्षांपूर्वी नाताळाआधीच्या घरभेटी मी एकाच दिवसात उरकायच्या ठरवल्या. खांदा कॉलनीतली दहा घरं, आणि शेवटी नेऱ्याला सर. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना हृदयाच्या ऑपरेशनसाठी दाखल व्हायचं होतं. त्यांच्याकडे निवांत बसता यावं म्हणून मी त्यांना मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. डिसेंबरचा दिवस किती आखूड असतो, हे मात्र माझ्या हिशेबातून सुटलं.

पनवेलची थंडी हा तसा हौसेचा भाग. डोक्यावर पंखा चालू आणि त्याखाली आजोबा माकडटोपी घालून बसलेले, असं दृश्य मी त्या दिवशी दोन घरांत पाहिलं. चहा मात्र दहाही घरांत झाला. "थंडीचं अर्धा कप तरी," म्हणून पूर्ण कप पुढे येतो. एका घरी क्रिकेटची मॅच चालू होती. माझ्या मानासाठी टीव्हीचा आवाज तेवढा बंद केला होता. आजींच्या आरोग्यासाठी प्रार्थना चालू असताना मागून कुणीतरी "गेला!" म्हणून ओरडलं. आजींनी एक डोळा उघडून पाहिलं. त्यानंतर मला प्रार्थनेचा धागा काही सापडेना, म्हणून मी ती पुन्हा पहिल्यापासून केली.

नेऱ्याला पोचेपर्यंत साडेसहा वाजून गेले होते आणि डोंगर दिसेनासे झाले होते. वाटेवर शेतातून परतणाऱ्या एकाला घर विचारलं. "मास्तरांचं ना? तुमी डावीकडं जा, दिवा लागलेला हाय," तो म्हणाला. तेवढ्यात बायकोचा फोन आला. साडेसातला गाण्यांची तालीम होती आणि चर्चची किल्ली माझ्या खिशात होती. मग मी ठरवलं, आज सरांच्या मनासारखं करू. आखूड प्रार्थना.

सर खुर्चीत बसले होते. दाराशी हॉस्पिटलची बॅग भरून ठेवलेली होती. काकूंनी चहा आणला, तो अकरावा. मी सरांसाठी प्रार्थना केली. त्यांच्या हृदयासाठी, डॉक्टरांच्या हातांसाठी, जखम लवकर भरावी म्हणून. तीन मिनिटांत आमेन. मी मनातून खूश होतो, आता बोला म्हणावं.

डोळे उघडून पाहतो तर त्या दोघांचे अजून मिटलेलेच.

"एवढंच?" सर म्हणाले.

मला वाटलं, थट्टा. "तुमच्या सोयीनं कमी केली," मी म्हणालो.

"माझं झालं हो. हिचं राहिलं." त्यांनी आता डोळे उघडले. "मला काय, भूल दिली की मी झोपणार. बाहेर बाकड्यावर ही बसणार आहे."

मला लाज वाटली. डॉक्टरांच्या हातांपर्यंत मी जाऊन आलो होतो, आणि समोर चहाचा ट्रे धरून उभी असलेली बाई मला दिसली नव्हती. घाईत माणूस पहिल्यांदा कुणाला वगळतो, ते मला तिथे कळलं.

मी पुन्हा सावरून बसलो. "काकू, तुमच्यासाठी काय मागू?"

त्या ट्रे ठेवून सरांच्या शेजारी बसल्या. "आठ दिवस झाले, येतो तो यांचंच विचारतो," त्या म्हणाल्या. "विचारणारच. पण मला फार भीती वाटते हो."

मी काही बोलणार, एवढ्यात त्यांनी स्वतःच डोळे मिटले. या बाईंना मंडळीत मोठ्यानं प्रार्थना करताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांना तशी सवयच नव्हती, त्यामुळे त्या शेजारणीशी बोलावं तशा बोलल्या.

"प्रभू, यांना घरी परत आण. मला एकटीला हे घर नको. नाही आणलंस, तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

एवढंच बोलून त्या थांबल्या. सरांनी त्यांचा हात धरला होता. आमेन म्हणायचं काम माझं होतं, आणि मला ते लवकर म्हणवेना.