एक इंच तरी बस

आख्ख्या दिल्लीत मेणबत्तीचे एवढे लाड करणारा दुसरा माणूस दाखवा, मी नोकरी सोडते, बिल्कुल सोडते! मयूर विहारला मी राहायचे त्या फ्लॅटच्या बरोब्बर खाली हे काका. सरकारी नोकरीतून रिटायर, काकू गेल्यापासून एकटे. पूर्वी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये लाइट गेली की दोघं मेणबत्ती लावून जेवायचे. आता लाइट असतानाही काका मेणबत्ती लावतात, पण जेवायला पाहुणा असेल तरच. आणि ती बुटकी साधी नाही हां, लांब, निमुळती, दहा इंची! आधी ती फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी झोपते, म्हणजे सावकाश जळते म्हणे. मग बूड गरम पाण्यात बुडवून पितळी स्टँडमध्ये दाबायचं, म्हणजे डुगडुगत नाही. वात नेलकटरने कापून पाव इंच ठेवायची. एकदा मी न कापताच पेटवली, तर काकांनी असं बघितलं, जणू मी त्यांच्या मिशाच पेटवल्या. "अगं, लांब वात धूर ओकते! विझव आधी!"

तासाला साधारण एक इंच जळते, त्यामुळे काका घड्याळ बघतच नाहीत. मी "निघते काका" म्हटलं की, "अगं, अर्धा इंचही झाला नाही! एक इंच तरी बस." पण यार, वारा लागला की मेणबत्ती एका बाजूने वितळते, भराभर संपते, म्हणून काका पंखा बंद ठेवतात. जूनमध्ये. दिल्लीत! मेणबत्ती ताठ आणि पाहुणे घामाघूम. समोरच्या फ्लॅटमधले अंकलजी तर "भाईसाहब, बीपी बढ़ रहा है" म्हणत अर्धा वरणभात टाकून पळाले. मीही "कॉल आहे काका" म्हणून सटकायचे. कॉल कुठला, वर माझा एसी होता. काकांच्या ड्रॉवरमध्ये जेमतेम टोकं जळलेल्या मेणबत्त्यांचा ढीग साठला होता. पाहुणे का टिकत नाहीत हे काकांना कळतच नाही, असं मला वाटायचं.

मग ऑफिसजवळ म्हणून मी नोएडाला शिफ्ट व्हायचं ठरवलं आणि जेवताना काकांना सांगितलं.  काका उठले आणि त्यांनी पंखा लावला. ज्योत आडवी झाली, मेण टेबलक्लॉथवर सांडायला लागलं.

"काका, मेणबत्ती!"

"जळू दे. तू बस गं आरामात."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं! त्या संध्याकाळी मी खूप वेळ बसले, काकूंचे किस्से ऐकत. किती इंच गेले कुणी बघितलंच नाही.

नोएडा काही लांब नाही, मेट्रोची थोडीशी स्टेशनं. तरी चार महिने झाले, मी गेलेली नाही. दर रविवारी फोनवर सांगते, "पुढच्या आठवड्यात नक्की येते काका."

"ये गं, ये," काका म्हणतात, "घाई नाही."