अक्कांच्या बाजूची दोन बोटं

"ह्यातली मी कुटली? सांगा की. आता का गप?"

गोदामाच्या दारातून अक्कांचा आवाज आला तेव्हा मी गाडीखाली उताणा पडलो होतो. त्या आवाजानं पत्र्यावरची कबुतरं उडाली ती थेट मंगळवेढ्याला जाऊन टेकली, असं मी आजही लोकांना सांगतो. मला खालून त्यांच्या फक्त चपला दिसत होत्या, पण राग ओळखायला तेवढ्या पुरे होत्या.

वर गाडीच्या दोन शिटांवर चादरींचे दोन गठ्ठे बसवले होते. स्टेअरिंगमागच्या गठ्ठ्यावर अप्पांची टोपी होती. कुठला गठ्ठा कुणाचा हे विसरायला नको म्हणून दाजींनी ती ठेवली होती. त्यामुळं बिनटोपीचा गठ्ठा कोण, हे वेगळं सांगायची गरज उरली नव्हती. आणि बिनटोपीचा गठ्ठा दुसऱ्याहून मोठा होता.

अप्पा म्हणजे त्या गाडीचे आणि गोदामाचे मालक, चादरींचे ठोक व्यापारी. अक्का त्यांच्या मंडळी. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान आणि सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या गॅरेजातले भागीदार. ते दोघं त्या क्षणी तिथली शहाबादी फरशी बघत होते आणि मी गाडीचं पोट.

गाडी विलायती, उघडी, दोन माणसांची, लांब नाकाची. कुण्या संस्थानिकाच्या पडत्या काळात अप्पांनी ती घेतली होती. नवी होती तेव्हा वाऱ्याशी शर्यत लावायची म्हणे. म्हातारपणी आमच्या हातात आली तेव्हा तिच्या पोटाखालून मुंगीसुद्धा वाकून जायची. आदल्या वर्षी अप्पा तिच्यातून अक्कांना माहेरी, मंगळवेढ्याला घेऊन गेले. वाटेत रस्त्यावरच्या एकेका मोरीच्या उंचवट्यावर गाडीचं डावं पोट घासत गेलं, आणि माहेरच्या दारात उभी राहिली ती डाव्या अंगाला कलंडून. अक्कांचे भाऊ बाहेर आले. गाडी अशी वाकडी का, असं थोरल्यानं विचारलं. अप्पा हसून म्हणाले, "त्या बाजूला जरा वजन हाय."

भाऊ हसले. अक्का एस्टीनं परत आल्या आणि त्यानंतर त्यांनी गाडीला पाय लावला नाही.

आता थोरल्या भावाच्या नातवाचं जावळ होतं. मी एकटी एस्टीनं जाईन, तुम्ही आलात तर त्या दारात उभं करणार नाही, असं अक्कांनी बजावलं होतं. म्हणून गाडी सरळ करायची, अक्कांना तिच्यात बसवायचं आणि त्याच दारात नेऊन उतरवायचं, असा अप्पांचा बेत होता. व्यापारात कधी न हरलेला माणूस आमच्या गॅरेजात येऊन नुसता बसून राहायचा. चहा नको, काही नको. "व्हतंय का?" एवढंच.

आमच्या गॅरेजात ते होणं शक्य नव्हतं. तिथली जमीन अशी उताराची की लिंबू खाली ठेवलं तर विजापूर वेशीत जाऊन शोधावं लागे. उंची मोजायची तर चारी चाकं एका पातळीत पाहिजेत. तशी फरशी अप्पांच्या गोदामात होती, म्हणून गाडी तिथं आणली. टायरांत सारखी हवा भरली. मग अप्पा म्हणाले की माणसं बसल्यावर गाडी वाकते, तर माणसांइतकं वजन ठेवूनच मोजा. गिऱ्हाईक म्हणेल तिथून सुरुवात करायची, ही आमच्या धंद्याची जुनी खोड.

अप्पांचं वजन अप्पांनी सांगितलं. अक्कांचं कोण विचारणार? उभा जन्म गठ्ठ्याचं वजन नुसत्या नजरेनं सांगण्यात गेलेला तो माणूस, गठ्ठ्यांच्या थप्पीपुढं मुलगी बघायला आल्यासारखा अवघडून उभा राहिला. मग एकाकडं बोट दाखवलं. तो गठ्ठा गाडीत चढवताना माझ्या कमरेतलं जे काही सरकलं ते अजून जागेवर आलेलं नाही.

तर अक्का ओरडल्या आणि पुढं आल्या.

"उतरवा ते. मी बसते. मोजा."

गठ्ठा उतरवला, तोही मीच. अक्का पदर सावरून बसल्या. दाजींकडं बांबूची एक कामटी होती, ती फरशीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत उभी धरून तिच्यावर खूण करायची, हे आमचं मोजमाप. गठ्ठ्याच्या वेळची खूण खाली राहिली आणि अक्कांची अर्धं बोट वर आली. म्हणजे गठ्ठाच जड. दाजींनी हे भिंतीकडं तोंड करून सांगितलं.

अक्का खाली उतरल्या. म्हणाल्या, टोपीवाल्यालाही उतरवा आणि आता रिकामी मोजा. मोजली. रिकाम्या गाडीची डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं खाली होती. कुणीही बसलेलं नसताना.

मग अक्का अप्पांना कानडीत आणि आम्हाला मराठीत बोलल्या. कुणाला परकं वाटायला नको, एवढा त्यांचा मोठेपणा.

दोष सापडला म्हणून काम हलकं झालं नाही. त्या गाडीच्या पुढच्या चाकांना कमानी नाहीत, स्प्रिंगा नाहीत. दोन्ही अंगांना एकेक लांब सळई असते, ती पिळली जाते आणि गाडीचा भार उचलून धरते. वर्षानुवर्षं पीळ सोसून डावीकडची सळई दमली होती. लोखंड दमतं यावर लोकांचा विश्वास बसत नाही. मी मात्र तिच्याशेजारी पडल्या पडल्या तिला पुरता समजून घेतलं. माझीही तीच गत होती.

सळईच्या दोन्ही टोकांना दाते असतात, एका टोकाला कमी, दुसऱ्याला जास्त. गाडी जॅकवर उचलायची, सळई पूर्ण बाहेर काढायची, एक दात फिरवून परत ठोकून बसवायची, गाडी खाली घ्यायची. खाली घेतली की लगेच मोजता येत नाही. टायर फरशीला चिकटून गाडीला खोटं उंच धरतात, म्हणून ती पुढं-मागं ढकलावी लागते, दाबून हलवावी लागते. ढकलायचं काम अप्पांचं. मग अक्कांनी येऊन बसायचं आणि दाजींनी कामटी धरायची. पहिल्या दातानं डावी बाजू इतकी वर आली की गाडी उजवीकडं कलंडली. परत काढली. पुढच्या टोकाला एक दात चढवला, मागच्या टोकाला एक दात उतरवला, तेव्हा कुठं केसभर फरक.

वर पत्रा, बाहेर सोलापूरचं ऊन. पाना तर असा तापायचा की दाजींनी त्याच्यावर भाकरी गरम करून खाल्ली. (खाल्ली नाही, पण खाल्ली असती.) अक्का येताना सुपात ज्वारी घेऊन यायच्या आणि गाडीत बसून निवडायच्या. खडे बाहेर टाकायच्या, त्यातले निम्मे खाली माझ्या तोंडावर. अप्पा काहीतरी बोलायला जायचे. अक्का सूप जरा जोरानं पाखडायच्या, की अप्पा परत ढकलायला लागायचे. लग्नानंतर ती दोघं एका जागी इतका वेळ थांबली नसतील, आणि गाडी तर गोदामाबाहेर गेली नव्हती. लोखंडावर लोखंडाचा ठोका, जॅकची कुरकुर आणि सुपाचा आवाज, एवढंच.

अखेर एका दुपारी दाजींनी कामटी डावीकडं धरली, उजवीकडं धरली, परत डावीकडं धरली आणि फरशीवर बसकण मारली. दोन्हीकडं एकच खूण. मी गाडीखालून बाहेर आलोच नाही, तिथंच डोळे मिटले. अप्पांनी मात्र धावत जाऊन डावं दार उघडलं. म्हणाले, मोरी येऊ दे नाहीतर खड्डा येऊ दे, आता थेट मंगळवेढा.

अक्का सूप घेऊन उतरल्या.

"माझं बसून झालं," त्या म्हणाल्या. "गाडी कशाला न्यायची, गाडी बोलती व्हय? तिथं जे बोलला ते तिथं जाऊन तोंडानं फिरवा. मग दारात उभं करते."

अप्पा उघडं दार धरून उभे राहिले. मी डोळे उघडून खालून बघितलं, त्यांचे पाय एकदा अक्कांच्या चपलांमागं वळले आणि परत गाडीकडं आले.

जावळाच्या दिवशी मी कामासाठी एस्टी स्टँडवर गेलो होतो. मंगळवेढ्याची गाडी लागली होती. अक्का खिडकीला बसल्या होत्या, मांडीवर बाळाच्या टोपड्याची पिशवी. खाली, टपावर ट्रंक चढवायला हमालाची वाट बघत अप्पा उभे, अंगावर इस्त्रीचा सदरा, डोक्यावर तीच टोपी. सळई परत दमली की काय? परत तो जॅक, परत ते दाते? जवळ जाऊन विचारलं, "अप्पा, गाडी परत वाकली का?"

अप्पांनी खिडकीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"न्हाय," ते म्हणाले, "गाडी सरळ हाय."