आधी बांध, मग रान

गेल्या महिन्यात मलकापुरात बोलवा उठली की भाऊसो बुद्धिबळात बांधाकडचा अर्धा एकर ऊस हरले. मी त्यांचा भिंतीला भिंत लावून राहणारा शेजारी. अशी बातमी मला दुसऱ्याकडून कळावी? लगेच चौकशी केली. ऊस जागेवर होता आणि डाव अजून व्हायचाच होता. पणाला लागणार होती ती सांगलीच्या स्पर्धेला जाणाऱ्या आमच्या क्लबच्या संघातली शेवटची जागा. आणि भाऊसो तर सांगलीला, लेकीच्या सासरी, "मी संघात हाय" असं फोनवर सांगूनही बसले होते!

भाऊसोंची सुरुवात सगळ्या क्लबात बदनाम. दोन्ही कडेची प्यादी आधी पुढं सारायची, मग त्यांच्यामागून हत्ती बाहेर काढायचा.

डावाच्या दिवशी समोर अजितकुमार, खतांचे दुकानदार. पुस्तकं वाचून खेळणारा माणूस.

"भाऊसो, आधी मधली घरं धरतात हो."

"आदी बांध धरायचा, अजितराव. मदलं रान काय पळून जातंय?"

दोन प्यादी सरकली. तिसऱ्या खेळीला भाऊसोंनी हत्ती काढला तो थेट अजितकुमारांच्या उंटाच्या तोंडात. आम्ही बघणाऱ्यांनी एकमेकांना कोपरं मारली. भाऊसो मात्र चंची सोडून निवांत सुपारी कातरायला लागले.

अजितकुमारांचा हात उंटाकडे गेला आणि थांबला. त्यांचंही शेत आहे. शेजारी न भांडता बांध सोडतोय म्हणजे तो कोर्टात जाऊन आलेला असतो, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. ते पटाकडं बघत, मग भाऊसोंकडं, मग परत पटाकडं. पटाशेजारी लावलेल्या घड्याळाकडं तेवढं बघायचं राहिलं. त्यांच्या वाट्याची दहा मिनिटं संपली, उंट जागचा हलला नाही, आणि भाऊसो तिसऱ्याच खेळीवर जिंकले.

"आता तरी सांगा," अजितकुमार काकुळतीला आले. "हत्ती मारला असता तर पुढं काय डाव होता?"

"कसला डाव? तुमचा उंट मला दिसलाच न्हवता. हत्ती सोडला आन् मग दिसला."

"म्हणजे चूक होती?" मी मधेच तोंड घातलं. "चुकून संघात गेला व्हय, भाऊसो?"

भाऊसोंनी सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाले, "चूक मी झटक्यात करून मोकळा झालो. ती समजून घ्यायला ह्येंनी सगळा वेळ घालवला, त्याला मी काय करू?"