मेटकऱ्यांची तुकडी

भांडुप पश्चिमेला, टेंभीपाड्याच्या चढावर, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत चेतना पगारे आईबरोबर राहते. मुलुंडला महापालिकेच्या रुग्णालयात एक्स-रे काढायचं तिचं काम. सकाळी सातची ड्युटी, अडीचपर्यंत घरी. जेवणं उरकली की आई, शांताबाई, खाटेवर आडव्या होतात आणि चेतना कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरसमोर बसते. शेजाऱ्यांना वाटतं, बाई कसला तरी कोर्स करतेय. खरं तर त्या तीन तासांत ती सैन्यं जुळवत असते.

कॉम्प्युटर तिच्या भावाचा, किरणचा. त्याची नागपूरला बदली झाली तेव्हा कॉम्प्युटर इथेच राहिला, आणि त्यात एक जुना परदेशी लढायांचा गेमही राहिला. महाराष्ट्रातल्या काही हौशी मंडळींनी त्या गेमवर आपला साज चढवला होता. परदेशी सरदारांच्या जागी शिलेदार, बारगीर, गारदी, हत्ती, तोफा, आणि नकाशात सह्याद्री. खेळणाऱ्यांनीच गेममध्ये असे बदल केले की त्याला मॉड म्हणतात. पैसे कुणालाच मिळत नव्हते. सगळा मामला हौसेचा.

सुरुवातीला चेतना नुसती खेळायची. पण रोज माणसांची हाडं बघणाऱ्या बाईचं लक्ष आतल्या सांगाड्याकडेच जाणार. कुठल्या तुकडीचा मार किती, दम किती, कितव्या फटक्याला माणसं पळतात, हे ती वहीत लिहू लागली. एक दिवस तिने मॉडच्या ग्रुपवर पाच पानांचा तक्ता टाकला. नाव घेतलं होतं 'एक्स-रे'. तक्ता इतका नेटका होता, की मॉडचा कारभार बघणाऱ्या देवव्रतने दुसऱ्याच दिवशी विचारलं, "एक्स-रे भाऊ, बॅलन्सिंगचं काम घेता का अंगावर?"

पुढे पहिल्यांदा फोनवर बोलणं झालं तेव्हा तिचा आवाज ऐकून त्याने आधी नाव पुन्हा विचारलं. मग म्हणाला, "म्हणजे दोन महिने मी ताईंना भाऊ म्हणत होतो."

"ताई पण नको. नुसतं चेतना म्हण," ती म्हणाली.

बॅलन्सिंग म्हणजे कुठलीही एक तुकडी सगळ्यांना भारी पडता कामा नये. प्रत्येकीला तोड हवी, आणि प्रत्येकीचं काहीतरी काम हवं. या मॉडचं दुखणं शिलेदारांचं होतं. घोडदळ इतकं जबरदस्त झालं होतं, की जो तो शिलेदारच घ्यायचा. मैदान असो की डोंगर, वीस घोडी सोडली की लढाई संपली. चेतनाने घोड्यांचा मार कमी केला. तर एक आकडा चुकीच्या ओळीत पडला, आणि अपडेट बाहेर गेल्यावर दारूगोळ्याच्या बैलगाड्या हत्तींना पळवून लावू लागल्या. निम्मी मंडळी दोन दिवस हसली, बाकीच्यांनी शिव्या घातल्या. 'एक्स-रेने वाट लावली' हे वाक्य ग्रुपवर वीसेकदा तरी आलं असेल.

तिने एका ओळीत चूक कबूल केली आणि तासाभरात दुरुस्ती पाठवली. पण खरी अडचण पुढेच होती. बैलगाड्या जागेवर आल्या, पण घोडी पार नरम पडली. आता शिलेदार कुणी घेईना. वाढवले की सगळे तेच घेतात, कमी केले की कुणीच घेत नाही. पंधरा दिवस ती त्या एका आकड्याशी झटत होती.

अशाच एका दुपारी शांताबाईंना झोप लागली नाही. त्या उठून तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर एका गडाखालच्या उतारावर लढाई चालली होती.

"ही घोंगडीवाली माणसं कोण गं? मघापासून मरतायत नुसती."

"मेटकरी," चेतना म्हणाली. "गडाच्या खाली मेटं असायची ना, चौक्या, तिथे पहारा देणारे. सगळ्यात स्वस्त तुकडी आहे ही. घोडी दमवायला पुढे सोडतात."

शांताबाई पडद्याजवळ वाकल्या. त्यांचं माहेर अकोले तालुक्यातलं, गडाच्या पायथ्याचं. "आमचेच लोक ते," त्या म्हणाल्या. "महार होते, रामोशी होते, कोळी होते. माझा आज्जा सांगायचा, आपल्या घराकडं मेटाची राखण होती. पण हे घोडं असं धावत कसं चढतंय वर?"

"म्हणजे?"

"अगं, आमच्या गडावर घोडं चढवायचं तर खाली उतरून लगाम धरून ओढावं लागायचं म्हणे. निसरडी वाट, पायाखाली मुरूम. आणि आमची माणसं तिथंच वाढलेली. त्यांना कुठला दगड हलतो ते ठाऊक."

चेतनाने लढाई थांबवली. घोडा आणि माणूस यांच्यातला आकडा ती बदलत बसली होती, आणि दोघं उभे कशावर आहेत ते तिने पाहिलंच नव्हतं.

तरी तिने लगेच हात घातला नाही. आईच्या आठवणीवर मॉड चालवायचा नव्हता. जोगेश्वरीला राहणारे विद्याधर सर मॉडचा इतिहास तपासायचे. शाळेतून निवृत्त झालेले, शब्दाला पक्के. त्यांना तिने विचारलं. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "तुमच्या मातोश्री बरोबर सांगतायत. मेटांवरच्या पहाऱ्याचे उल्लेख आहेत. त्यांना आपण मरायला का ठेवलं, हे मलाही सांगता येणार नाही. मी तुकड्यांची ती यादी तपासली होती, पण हे मला खटकलं नाही. खटकायला हवं होतं."

मग तिने घोड्यांना त्यांचा जुना जोर परत दिला, मैदानापुरता. चढावर त्यांचा दम तिप्पट वेगाने संपेल असं केलं. मेटकऱ्यांना चढ आणि झाडी बाधणार नाही असं केलं, आणि दडून बसण्याची मुभा दिली. आकडे टाकताना तिचा हात जरा सैल सुटला, हे तिचं तिलाही कळत होतं.

रविवारी सकाळी ती बोरिवलीला गेली. देवव्रतचं तिथे फ्लेक्स बॅनर छापायचं दुकान आहे. सुट्टीच्या दिवशी त्याचे दोन्ही कॉम्प्युटर मोकळे असतात. दहा लढाया खेळायच्या ठरल्या. उतारावर तो शिलेदार घेणार, ती मेटकरी.

पहिली लढाई तिने जिंकली, दुसरीही. घोडी अर्ध्या चढावर धापा टाकू लागायची आणि झाडीतून घोंगडीवाले उठायचे. चौथ्या लढाईला चेतना खुर्चीत पुढे सरकून बसली होती. तिला मनापासून आनंद होत होता, आणि तो तिने लपवलाही नाही. सातव्या लढाईनंतर देवव्रतने माऊस बाजूला ठेवला.

"झकास आहे यार. ठेव असंच."

"सातच्या सात हरलास तू."

"मग काय झालं? इतकी वर्षं ती माणसं मरतच होती ना गेममध्ये. जिंकू देत की आता. कुणी बोंबललं तर मी बघतो."

चेतनाने सातही निकाल वहीत लिहिले. त्याचं म्हणणं तिला गोड लागलं होतं. हो म्हणणं अगदी सोपं होतं. 

"नाही," ती म्हणाली. "असं सोडलं तर महिन्याभरात सगळे फक्त मेटकरीच घेतील. मग शिलेदारांचं झालं तेच यांचं. लोक म्हणतील, एक्स-रेने फुकटची ताकद दिली. ते मला नकोय. ती माणसं लढून टिकली पाहिजेत."

तिने स्वतःच आकडे खाली आणले. चढावर मेटकरी दोन हल्ले परतवतील, तिसऱ्याला त्यांचाही दम संपेल. मोकळ्या मैदानात ते घोड्यापुढे टिकणार नाहीत. प्रत्येक आकडा कमी करताना तिला बारीकशी टोचणी लागत होती. मग पुन्हा दहा लढाया झाल्या. दुपारचे तीन वाजले, मध्ये दोघांनी मिसळ मागवून खाल्ली. चेतना पाच जिंकली, देवव्रत पाच. शेवटची तर कोण जिंकणार हे अखेरपर्यंत दोघांनाही कळत नव्हतं.

घरी आल्यावर शांताबाईंनी विचारलं, "काय झालं मग?"

"आता घोड्यांना अडवतात. पण हरतात पण कधी कधी."

"चालायचंच," म्हणत त्या भाकरी थापायला बसल्या.

महिन्याभराने नवी आवृत्ती निघाली. या वेळी श्रेयनामावलीत देवव्रतने 'एक्स-रे'च्या जागी पूर्ण नाव घातलं, आधी तिला विचारून. नावावरून बाई आणि आडनावावरून जात ओळखून एका-दोघांनी खवचट शेरे मारले, की आपल्या माणसांना जिंकवलंय. विद्याधर सरांनी त्यांना कागदपत्रांचे दाखले देऊन इतकं सावकाश उत्तर दिलं, की ते पुन्हा बोलले नाहीत. कराडच्या एका खेळाडूने लिहिलं, की गडावर चाल करताना आयुष्यात पहिल्यांदा आपण घोडी खाली ठेवून गेलो. शिलेदार मैदानात पुन्हा दिसू लागले, डोंगरात मेटकरी. गारदी अजून कुणी फारसे घेत नव्हते.

चेतनाने ते वहीत टिपून ठेवलं, आणि सोमवारी दुपारी जेवण झाल्यावर गारद्यांच्या बंदुकांचे आकडे काढून बसली.