हंगामी कांतोकु

ओसाकातल्या आमच्या इमारतीत कचऱ्याच्या दिवशी सकाळी निशिगाकी-सान हमखास भेटायचे. त्या दिवशी पिशव्या घेऊन त्यांच्या पत्नी काझुए-सान आल्या आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. "गेल्या आठवड्यात गेले. घरच्या घरीच सगळं उरकलं," त्या वाकून म्हणाल्या. इथे शेजाऱ्यांना बऱ्याचदा असं सगळं झाल्यावरच कळतं. मला त्याचा रागच आला.

मी पुण्याचा, आयटीतला मॅनेजर. ते बेसबॉलमधले. ओळख झाली ती क्रिकेटच्या गप्पांतून. आमच्याकडे कॅप्टन मैदानातच निर्णय घेतो, याचं त्यांना कोण नवल! त्यांच्या खेळात चेंडू कुणी टाकायचा, कुणाला बसवायचं, हे बाहेर बसलेला मॅनेजर ठरवतो. त्याला कांतोकु म्हणतात, आणि गंमत म्हणजे साठीतसुद्धा तो खेळाडूंसारखाच गणवेश घालून बसतो. तिथवर पोचायला निशिगाकी-सानांचा जन्म गेला होता. तरुणपणी कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा, तोही बहुधा बाकावरचा. मग सरावात इतरांचे चेंडू झेलायचं काम, मग दुसऱ्या फळीच्या संघाचे कोच, मग त्याच संघाचे कांतोकु. मुख्य संघ हरत सुटला तेव्हा तिथल्या कांतोकुंना हंगामाच्या मध्यावर 'विश्रांती' देण्यात आली. हकालपट्टीला इथे असं सभ्य नाव आहे. त्यांच्या जागी निशिगाकी-सान आले, पण हंगामी म्हणून.

शेवटचा सामना जिंकला की नेमणूक पक्की, असं सगळेच धरून चालले होते. काझुए-सानांनी तर पत्रकार परिषदेसाठी त्यांना नवा सूट शिवून घेतला होता. चेंडू टाकत होता त्यांनीच दुसऱ्या फळीत घडवलेला तरुण पिचर. संघ पुढे होता. पण तो ज्या तऱ्हेने हात झटकत होता, त्यावरून त्याचा खांदा दुखतोय हे यांनी ओळखलं. पिचर काही कबूल करेना. यांनी त्याला काढलं. सामना गेला, पदही गेलं. पुढच्या हंगामाला बाहेरून मोठ्या नावाचा माणूस आणला आणि हे पुन्हा खालच्या संघात.

"पश्चात्ताप होतो का हो?" मी एकदा आगाऊपणे विचारलंच.

"त्यालाच विचारा. तो अजून खेळतोय," ते म्हणाले... आणि लगेच, माझ्या टीममधलं सध्या कोण दमलेलं दिसतंय, ते विचारू लागले. हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. माझ्या कुठल्याच बॉसने मला तो कधी विचारला नाही, म्हणून ते मला फार आवडायचे.

परवा काझुए-सानांनी चहाला बोलावलं. त्यांच्या खोलीत टीव्ही चालू होता, आवाज बंद. समालोचकांना काय कळतं, म्हणून निशिगाकी-सान सामने असेच बघायचे. पडद्यावर तोच पिचर होता, आता चांगला पस्तिशीचा.

"तुम्हीही मॅनेजर आहात. तुम्ही काढलं असतं त्याला?" काझुए-सानांनी विचारलं.

"काढलं असतं... बहुतेक," मी म्हणालो.

"मी नसतं काढलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्यांनाही मी तसं सांगितलं होतं."

त्यांनी कप खाली ठेवला. पिचरने हात मागे नेला, आणि चेंडू पोचेपर्यंत काझुए-सानांनी श्वास रोखून धरलेला मला दिसला.